शेवटचा डबा पाहिला का?

आमच्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "साहेब कुठं राह्यतेत?"

मी म्हटलं, "कतारला. क्रेन चालवतात."

एकट्या बाईला खोली देताना घरमालक पुढं काय काय विचारतात, याची उत्तरं मी गाडीतच पाठ करून आले होते. पाहुणे किती येतात, ड्युटी किती वाजता सुटते, मटणमासळी शिजवता का. यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "अमेरिकेच्या तळापासून किती किलोमीटर?"

कतारमध्ये अमेरिकेचा लष्करी तळ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. नवरा दोन वर्षं तिथं होता, आणि माझ्या लेखी तिथं ऊन, वाळू आणि त्याची क्रेन एवढंच होतं. फोनवर मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "असेल बुवा. विमानं फार घिरट्या घालतात खरी." दुसऱ्या दिवशी घरमालकांनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर स्वतःच काढलं, एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात घातली आणि किल्ली माझ्या हातात दिली. आधारकार्डाची झेरॉक्ससुद्धा मागितली नाही.

मी तेव्हा आमगावच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नुकतीच बदलून आले होते. मूळची वर्ध्याकडची, जिभेची तिखट. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. अडतीस वर्षं लहानलहान स्टेशनांवर काढलेली. उंच, वाळका माणूस, पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खिशात अजूनही शिट्टी. गाव त्यांना 'अमेरिकेचे मास्तर' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

कारण त्यांच्या ओसरीवरचा फळा. कुठल्याशा स्टेशनावर विजेची पाटी आली तेव्हा तिथला उशिरा धावणाऱ्या गाड्यांचा काळा फळा अडगळीत निघाला, तो मास्तरांनी मागून आणला होता. त्यावर पांढऱ्या रंगातले रकाने तसेच होते: गाडी, कुठून, कुठं, उशीर. त्या रकान्यांत मास्तर रोज सकाळी खडूनं अमेरिकेचा कारभार लिहायचे. जे अमेरिकेतून निघालं ते डाऊन, जे परत चाललं ते अप. विमानवाहू जहाज, डाऊन, अरबी समुद्र, वेळेवर. अमेरिकेचा दूत, डाऊन, मॉस्को, गेला तसा परत. भारताशी व्यापाराचा करार, दिल्ली, आउटर सिग्नलला उभा. हा करार माझ्या डोळ्यांदेखत इतके महिने आउटरला उभा होता की त्या ओळीचा खडू पाटीत मुरला.

"आता सुटन," ते दर आठवड्याला म्हणायचे. "सिग्नल मात्र कोनाच्या हातात आहे ते समजून नाई राहिलं."

काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायच्या, "माझी सवत सातासमुद्रापार आहे म्हणून बरं. गावात असती त याहीनं घरच सोडलं असतं."

पुढं अमेरिकेनं रशियाच्या तेलापायी आपल्या मालावर जादा कर लावला, तेव्हा स्टेशन रोडवरच्या चहाच्या टपरीवर केवढी गरमागरमी झाली होती. कोणी म्हणे बहिष्कार टाका, कोणी म्हणे दोस्तीत हे चालायचंच. मास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "डब्यात सारेच विदाउट तिकीट. तेल कोन घेत नाई? टीसीनं आपल्यालेच धरलं. काऊन? आपन दाराजवळ उभे होतो." एवढं बोलून ते पेपरचा गठ्ठा उतरवून घ्यायला फलाटावर निघून गेले. तिकडच्या संरक्षण खात्याला आता युद्ध खातं म्हणायचं ठरलं, त्या सकाळी त्यांनी फळ्यावर नुसतं लिहिलं, 'स्टेशनाचं नाव बदललं, गाड्या त्याच.'

लोक त्यांची थट्टा करायचे आणि त्यांनाच विचारायलाही यायचे. दवनीवाड्याचे एक शेतकरी बाजाराच्या दिवशी हमखास ओसरीवर टेकायचे. "मास्तर, तुमची अमेरिका काय म्हणून राहिली? युरिया भेटन का?"

मास्तर गंभीरपणे त्यांना समजावायचे. इराण आणि अरबस्तानाच्या मधे समुद्राचं एक अरुंद तोंड आहे, तिथून गॅसची जहाजं निघतात, गॅसपासून युरिया होतो. "अमेरिका अन् इराणचं बिनसलं, ते तोंड बंद झालं, त धानाचा दुसरा डोस गेला समजा. आताच उचलून ठेवा जी."

एकदा मी न राहवून विचारलं, "मास्तर, अख्खं जग पडलंय. तुम्हाला अमेरिकाच का?"

"त्याहीची गाडी सगळ्यात लांब, सिस्टरबाई," ते म्हणाले. "इंजिन तिकडं, अन् शेवटचा डबा आपल्या वावरात."

हा शेवटचा डबा हे त्यांचं खरं वेड. मालगाडी असो की पॅसेंजर, शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक पाटी असते, तिच्यावर इंग्रजीत एल व्ही लिहिलेलं असतं. गाडी स्टेशनातून गेली की मास्तरनं ती पाटी स्वतः पाहायची. पाटी दिसली तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर काही डबे मागं वाटेतच सुटलेले असू शकतात, आणि तोवर मागच्या गाडीला रस्ता द्यायचा नाही. मास्तर या नियमानं दुनिया चालवायचे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अमुक युद्ध थांबवलं अशी बातमी आली की टपरीवरचे म्हणायचे, "झालं ना मास्तर, पुसा आता ते." मास्तर पुसायचे नाहीत.

"अनाउन्समेंट कोनीबी करते. मी अडतीस वर्सं केली. गाडी थोड्याच वेळात येऊन राहिली म्हणून मी सांगो, अन् गाडी गोंदियाले उभी राहे. शेवटचा डबा पाह्यला का कोनं?"

फळ्याच्या खालच्या भागात एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली जहाजं-विमानं नव्हती. तिथं आमची माणसं होती. दवनीवाड्याचा सुतार, कुवेत. केशोरीचा ड्रायव्हर, बहरीन. मी राहायला आले त्या दिवसापासून तिसरी ओळ, आमगाव, सिस्टरबाई, कतार. प्रत्येकापुढं जवळच्या तळापासूनचं अंतर. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि नंतर हसूही आलं.

त्याहून गंमत म्हणजे नंबर. दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर गाडीची खबर देतात तेव्हा बोलणाऱ्यानं शेवटी एक दोन आकडी नंबर सांगायचा असतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो कागदावरून क्रमानं सांगायचा, वापरला की खोडायचा. म्हणजे नक्की त्याच माणसानं, शुद्धीवर राहून, खबर दिली हे सिद्ध होतं. मास्तरांनी आम्हा तिन्ही घरांसाठी असे कागद बनवले होते. एक प्रत बायकोजवळ, एक मास्तरांजवळ आणि तिचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर. रोजचा फोन संपताना त्यानं पुढचा नंबर सांगायचा, इकडं आपण खोडायचा.

"हे कशाला, मास्तर?" मी म्हटलं. "मला माझ्या नवऱ्याचा आवाज कळतो."

"आवाज कळते जी. फोन नाई आला त काय कळन?"

नवऱ्याला हे भलतंच आवडलं. तो तळहातावर पेननं त्या दिवसाचा नंबर लिहून कामावर जायचा आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करून शेवटी हळूच म्हणायचा, "तेवीस." लग्नानंतर त्यानं माझ्याशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. पण ते तेवीस, एक्क्याण्णव, चौदा तो असं काही म्हणायचा की मी एकटीच खोलीत लाजायची. हे मी मास्तरांना कधी सांगितलं नाही.

तरीही खरं सांगते, मला मास्तरांचा कंटाळा यायला लागला. दवाखान्यात कोणी म्हणायचं, "सिस्टर, तुमच्या घरी त रोजच लढाई असते." सासूबाईंना कोणीतरी फळ्याबद्दल सांगितलं, आणि त्या फोनवर रडायला लागल्या. वास्तविक मी तरी काय वेगळी होते? डॉक्टर 'पेशंट बरा आहे' म्हणाले तरी मी स्वतः नाडी धरल्याशिवाय पुढच्या खाटेकडं जात नाही. पण आपण करतो ती काळजी आणि दुसऱ्यानं केली की ती खोड, अशी माझी समजूत.

कराचं आणि युद्ध खात्याचं ते नंतरचं; त्याआधी तो जून आला. बांध्यांमध्ये धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले होते आणि फळा वरपासून खालपर्यंत भरला होता. इस्रायल आणि इराण एकमेकांवर तुटून पडले होते आणि अमेरिका उतरणार की नाही, यावर टपरीवर पैजा लागत होत्या. एका सकाळी मी ड्युटीला निघाले तर मास्तर फळ्यापाशी माझी वाट पाहत उभे.

"सिस्टरबाई, त्याहीनं कतारच्या तळावरची विमानं हलवून टाकली. यार्ड खाली करून राहिले."

"मग?"

"यार्ड उगाच खाली करत नाई कोनी. काईतरी येणार आहे तिथं. साहेबाले सांगा, ह्या हप्त्यात तळाच्या अंगाला कामावर जाऊ नका म्हणा."

नेमकं आदल्याच दिवशी नवऱ्यानं सांगितलं होतं की त्याची क्रेन त्याच बाजूच्या एका साइटवर नेली आहे. उन्हामुळं काम संध्याकाळनंतर चालायचं. ऑगस्टमध्ये तो कायमचाच घरी यायचा होता, दिवस बोटांवर मोजत होतो, आणि हा म्हातारा रोज उठून अभद्र बोलतो. माझा तोल गेला.

"तुम्हाला काही उद्योग नाही म्हणून माझ्या घरात लढाई कशाला आणता?" मी म्हटलं, आणि फळ्यावरची आमची ओळ तळहातानं पुसून टाकली. "आमचं नाव यात नको."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. काकू दारात आल्या होत्या. खडूचा हात मी दवाखान्यात जाऊन धुतला. आणि नवऱ्याला मी तो निरोप सांगितला नाही. विसरले नव्हते. त्या दिवशी फोन आला तेव्हा मुद्दामच सांगितला नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत अमेरिकेनं इराणवर बॉम्ब टाकले. त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला नाही. नेटवर्क नसेल म्हणून मी फुरंगटून झोपून गेले. सकाळी दवाखान्यात पाऊल टाकलं तर सगळ्यांच्या मोबाइलवर एकच. आदल्या संध्याकाळी इराणनं कतारच्या तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. पण लगोलग दुसरी बातमीही होती. बहुतेक सगळी हवेतच पाडली, कोणी दगावलं नाही, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी युद्धबंदी जाहीर केली. मी भिंतीला टेकले, तशी आमच्याकडची झाडझूड करणारी मावशी म्हणाली, "बसा बाई. संपलं म्हनते ना ते."

नवऱ्याचा फोन बंद. मग त्याच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बिहारी मित्राला मेसेज केला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, भाभीजी चिंता मत कीजिए, सब ठीक है, भैया सो रहे हैं. मी ते वाचलं आणि इंजेक्शनच्या ट्रेपाशी उभी राहून रडले. ड्युटी सुटल्यावर स्टेशनाजवळच्या दुकानातून पेढे घेतले. चार दिवसांपूर्वीच्या वागण्याची लाज वाटत होती, ती पेढ्यांनी झाकता आली असती.

काकूंनी पेढा घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. मास्तरांनी हातात घेतला आणि विचारलं, "नंबर?"

"झोपलेत ते. मित्राचा मेसेज आला."

मास्तरांनी पेढा फळ्याच्या खालच्या पट्टीवर, खडूशेजारी ठेवला. "मंग नाई."

"अहो, संपलं सगळं! तुमच्या त्या अध्यक्षानं स्वतः सांगितलं!"

"त्यानं अनाउन्समेंट केली." मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले. मग वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "सिस्टरबाई, साहेब झोपला आहे हे पाह्यलं कोनं?"

मला त्यांचा असा संताप आला की उत्तर द्यायलाच मी तिथल्या तिथं त्या मित्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. विचारलं, "भैया, आपने उनको देखा? अपनी आँखों से?"

पलीकडं त्यानं पंखा बंद केला. मग तो म्हणाला, "भाभीजी... देखा तो नहीं. उनका कमरा बंद था, तो हमने समझा ड्यूटी से आकर सो गए होंगे. आप रुकिए, हम देखते हैं."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. खोली उघडली होती. पलंगावरची चादर घडी घातलेली होती तशीच होती.

त्यानंतरचे दोन तास मी त्या ओसरीवर काढले. मित्र साइटवर गेला, तिथून कुठं कुठं गेला. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. मास्तर फळ्यासमोरच्या खुर्चीत ताठ बसून होते. मला राहवेना.

"मास्तर, मी निरोप सांगितलाच नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं. मी रागानं नाही सांगितला. त्यांना काही झालं असेल तर ते मी केलं."

मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते. मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"मी सत्तावीस वर्साचा होतो," ते म्हणाले. "मालगाडी निघून राहिली होती अन् मी रजिस्टर लिहून राहिलो होतो. मान वर करून पाह्यलं नाई. मागच्या स्टेशनाले फोन केला, गाडी पूर्ण आली म्हणून. नंबर बी देला. अन् चार डबे मागं जंगलात सुटून उभे होते. मागून पॅसेंजर सोडली त्याहीनं."

काकूंनी माझा हात आणखी घट्ट धरला. त्यांनी हे ऐकलेलं होतं.

"सरळ लाईन होती म्हणून डायव्हरले दुरून दिसलं. दोन खांब राहून गाडी थांबली. मी धावत गेलो. खिडकीत एक बाई होती, लेकराले संत्रं सोलून देऊन राहिली होती. तिले काईच माहीत नाई. मले विचारते, गाडी काऊन थांबली जी?" मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी तिले काय सांगू? तवापासून मी पाहून राहिलो, सिस्टरबाई. तुमी एक ओळ पुसली. बस, एवढंच. मी अख्खी गाडी पुसली असती."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं असतं, पण तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मित्राचा चेहरा दिसला, मग फोन हलला आणि कुठल्याशा दवाखान्याच्या गर्दीतल्या एका खाटेवर माझा नवरा दिसला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. त्यानं मला नाव घेऊन हाक मारली नाही, कशी आहेस विचारलं नाही. तळहात डोळ्यांसमोर धरला. घामानं निम्मा पुसलेला आकडा त्यानं वाचला.

"अडुसष्ट."

मी कागद शोधायला उठले, पण मास्तरांच्या हातात त्यांची प्रत होतीच. "बरोबर," ते म्हणाले, आणि अडुसष्टवर रेघ ओढली.

झालं होतं ते असं. आकाशात आग दिसल्यावर भोंगा वाजला, नवरा क्रेनच्या शिडीवरून उतरताना खाली पडला, फोन वरून पडून फुटला. कोणीतरी गाडीत घालून त्याला तिथं पोचवलं, पायाला फळी घट्ट बांधली आणि तो रात्रभर तसाच पडून होता. दुसऱ्याचा फोन मागायचा तर माझा नंबर त्याला पाठ नव्हता. आताशा कोणाला कोणाचा असतो?

"पाय दाखवा," मी मित्राला म्हटलं. फोन खाली गेला. फळीच्या खालून पायाची बोटं दिसली आणि माझ्यातली बायको जाऊन परिचारिका आली. बोटं निळीकाळी झाली होती. आत सूज वाढत होती आणि बांधलेलं सैल केल्याशिवाय रक्त खाली पोचणार नव्हतं. मी त्या ओसरीवरून ओरडले, "डॉक्टर को बुलाइए! अभी! पट्टी खोलने को बोलिए!" डॉक्टर धावत आले, बांधलेलं कापलं, आणि संध्याकाळच्या आत त्याला ऑपरेशनला घेतलं. नंतर मला तिथल्या नर्सनं फोनवर सांगितलं की आणखी काही तास गेले असते तर पाय गुडघ्यापासून काढावा लागला असता. ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी असे पाय पाहिलेत.

सगळ्या गावाला युद्ध संपलेलं होतं. मीही पेढे वाटून निवांत झोपले असते. एक म्हातारा पेढा खायला तयार नव्हता म्हणून माझ्या नवऱ्याचा पाय वाचला. या गोष्टीला मी आजवर पुष्कळ बाजूंनी पाहिलं आहे, पण दर वेळी ती एवढीच उरते. आता आम्ही दोघं गोंदियाला असतो. नवरा जरासा लंगडतो, पण राइस मिलमध्ये दिवसभर उभा राहून काम करतो. सकाळी त्याला चपला घालताना पाहिलं की मी मनातल्या मनात मास्तरांना नमस्कार करते. एखाद्या माणसाचे किती उपकार असू शकतात, हे मला त्या दोन पायांवरून कळतं.

पण शेवट सांगायचा राहिला. ऑगस्टमध्येच तो आला, ठरल्याप्रमाणे, फक्त कुबड्या घेऊन. मी आणि काकू आमगावच्या फलाटावर उभ्या होतो. मास्तर आमच्याबरोबर निघाले होते, पण गाडी दिसताच ते चालत पार फलाटाच्या टोकाला गेले. नवरा उतरला, मी त्याला धरलं, आम्ही रडलो-हसलो, आणि मास्तर तिकडंच पाठ करून उभे. गाडी हलली. शेवटचा डबा त्यांच्यासमोरून गेला, त्यांनी पाटी पाहिली, हात वर केला, आणि मग सावकाश आमच्याकडं आले.

नवरा कुबडी सावरत त्यांच्या पाया पडायला वाकला. मास्तरांनी त्याला खांद्याला धरून थांबवलं.

"नंबर?"

"अहो मास्तर, समोर उभा आहे की मी!"

"नंबर."

नवऱ्यानं तळहात उघडला. लिहून आणला होता. "सदतीस," तो म्हणाला, आणि मास्तरांनी कागद काढून तिथंच सदतीस खोडला.

घरी आलो तर फळ्यावर आमच्या ओळीची जागा रिकामी होती. मी पुसली होती त्या दिवसापासून तिथं माझ्या तळव्याचा पांढुरका फराटा तसाच होता. मास्तरांनी रोज वरखाली सगळं लिहिलं, पण तेवढ्या जागेला हात लावला नव्हता.

"तुमी काऊन नाही लिहिलं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"रजिस्टरमधलं ज्यानं खोडलं त्यानंच दुरुस्त करावं लागते," ते म्हणाले आणि खडू माझ्यापुढं धरला.

मी लिहिलं: आमगाव, कतारहून, अप, उशीर नाही. पुढं काय लिहावं सुचेना. मास्तर शेजारून म्हणाले, "गाडी पूर्ण आली, असं लिहा." ते लिहिताना खडू दोनदा मोडला.

काकूंनी आतून पेढे आणले. त्यांनी मास्तरांपुढं ताटली धरली, पण मास्तरांचं लक्ष फळ्यावर होतं. माझ्या ओळीवर एक बरोबरची खूण करून त्यांचा हात वरच्या ओळीवर थांबला.

"केशोरीवाल्याचा नंबर आज अजून आला नाई," ते म्हणाले, आणि खुर्ची फळ्यासमोर ओढून बसले.

मी त्यांचा पेढा खडूशेजारी ठेवला, नवऱ्याला आत निजवलं आणि दुसरी खुर्ची आणून त्यांच्या बाजूला बसले.